दीड तासाच्या विमानाला सहा धपाटे

नवरा ऑफिसच्या कामाला म्युनिकला निघाला की धपाटे मागायचा. एक-दोन नाही, सहा. ॲमस्टरडॅमहून विमानानं दीड तास; मी अंतरसुद्धा बघून ठेवलं होतं, साडेसहाशे किलोमीटरच्या आसपास. एक धपाटा खाऊन हात पुसेपर्यंत विमान उतरायला लागतं. मग उरलेले पाच हा कोणाला खाऊ घालतो?

विचारलं तर म्हणे, "असू दे गं, तिथं काही मिळत नाही." म्युनिकमध्ये काही मिळत नाही! माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

त्यात आमच्या घरची रीत अशी की बाहेरगावी गेलेल्यानं "पोचलो" कळवायचं. सासूबाईंची शिस्त ती, साताऱ्याहून इथं नेदरलँड्समधल्या फेल्डहोवनपर्यंत आमच्याबरोबर आलेली. ह्याचं "पोचलो" अकराच्या सुमाराला यायचंच. इथल्या वाऱ्यापावसात सगळ्यांची विमानं रखडतात, ह्याचं मात्र कधी नाही. कुठंतरी पाणी मुरत होतं.

एका सकाळी एवढं धुकं पडलं की समोरचा सायकलचा रस्ता दिसेना. फोनवर बघितलं तर ह्याचं विमान रद्द. म्हटलं, येईल बिचारा परत, आणि दोन कप चहा टाकला. अकराला मेसेज आला, "पोचलो."

विमान उडालंच नाही आणि हा पोचला! कोण असेल ती? ऑफिसातली? आणि मेली माझे धपाटे खाते!

तिथल्या तिथं फोन लावला. मागे कसलीतरी घोषणा चालली होती, त्यात फ्रँकफुर्ट स्पष्ट ऐकू आलं.

"कोण आहे तिथं?"

"कोणी नाही गं. रेल्वेत आहे मी."

"कॅमेरा लाव."

लावला. शेजारची सीट रिकामी, पुढ्यात माझा डबा, ह्याच्या तोंडात घास तसाच.

मग हळूहळू बोलला. दोन वर्षांपूर्वी साताऱ्याहून हा एकटाच परतला होता, तेव्हा वादळात विमान उतरता उतरता दोनदा परत वर गेलं. त्यानंतर विमानाचं दार बंद होणार या विचारानंच ह्याचा श्वास कोंडायचा. म्हणून दिवसभर रेल्वेत बसून जायचा, आणि मला कळू नये म्हणून विमानाच्या वेळेला "पोचलो" पाठवायचा. असा संताप आला मला! सवत परवडली असती, निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. फोन ठेवला आणि रडत बसले.

रडता रडता एकदम लक्षात आलं. साताऱ्याला काही इथून रेल्वे जात नाही. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना इकडे येणं होत नाही. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर त्या विचारायच्या, "कधी येताय रे?" आणि हा म्हणायचा, "सुट्टीच मिळत नाही, आई."

घरी आल्यावर त्याला म्हटलं, "आईंना तू सांगतोस की मी सांगू?"

रविवारी मी त्याच्या शेजारी, पण कॅमेऱ्यात दिसणार नाही अशी बसले. त्यानं सगळं सांगितलं. मग सासूबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अरे बाळा, आधीच सांगायचं नाही का? मी इथं समजत होते, तीच तुला येऊ देत नाही."