माझी डुकरं पॉझिटिव्ह आहेत, मंग?

मंडळी, आत्ताच ग्रामपंचायतीत भांडून आले. डोकं अजून गरम आहे, म्हणून जल्दी लिहून टाकते.

हसनाबादजवळच्या आमच्या गावात घरामागं माझं डुकरांचं शेड आहे. मागं डॉक्टरांनी स्वाइन फीवरच्या तपासणीसाठी डुकरांचं रक्त नेलं होतं. आज रिपोर्ट आला, पॉझिटिव्ह.

आमचे सरपंच म्हणजे माझे चुलत दीर. भर बैठकीत कागद नाचवत म्हणाले, "वहिनी, तुमची डुकरं रोगी हायेत. उद्याच्या उद्या गावाबाहेर काढा."

मी म्हटलं, "भाऊजी, कागद नीट वाचा. रक्तात अँटिबॉडी सापडल्यात, म्हणजे रोगाशी लढायची ताकद. मी डुकरांना लस टोचून घेतली, तिच्यानंबी त्या तयार होतात. डॉक्टरकडं लसीची नोंद हाय, आन् एकबी डुक्कर आजारी न्हाई."

"ते आमाला कळत न्हाई. पॉझिटिव्ह म्हणजे पॉझिटिव्ह!"

"मंग शर्टाची बाही वर करा."

सगळे हसले, पण भाऊजींनी केली. दंडावर देवीच्या लसीच्या दोन गोल खुणा.

"तुम्हाला देवी कधी आल्त्या?"

"मला कशाला येतील? लहानपणी टोचलंय ते."

"माझ्या डुकरांनाबी टोचलंयच की!"

मी तो कागद भाऊजींच्या हातातून घेतला आणि घरी आले. आता शेडच्या दारावरच चिकटवणार आहे. डुकरं बिलकुल हलणार न्हाईत.

तुमच्याबी दंडावर कुठल्या तरी लसीची खूण असेलच. मंग सांगा, तुम्ही गाव कधी सोडताय?