पोर्तुगालमधून आलेले मेसेज

तंबाखूच्या वखारीवरून जाताना तो उग्र, गोडसर वास आला की निपाणीतली एक दुपार आठवते. थोरल्या बहिणीकडे, आक्काकडे, जेवणं उरकून आम्ही सोप्यात बसलो होतो. दाजींचा फोन वाजला, बँकेचा मेसेज होता. त्यांच्या क्रेडिट कार्डावर पोर्तुगालमध्ये कुणीतरी कॉफी घेतली होती. "कार्ड तर हितं हाय की!" म्हणत दाजींनी ते पाकिटातून काढून समोर ठेवलं. जगात कुठंही चालतं म्हणून हौसेनं घेतलेलं ते कार्ड अजून बेळगावापलीकडे गेलं नव्हतं. तेवढ्यात दुसरा मेसेज आला, लहान मुलांच्या बुटांच्या दुकानातला. दाजींचं नाव घेऊन कुणीतरी त्या दूरच्या देशात हिंडत होतं. दाजींनी घाईनं बँकेला फोन लावून कार्ड बंद केलं. "पैसे परत देतो म्हणालेत," ते म्हणाले. मग फोन पुन्हा वाजला. व्यवहार नाकारला होता, आणि दुकान औषधांचं होतं. थोड्या वेळानं पुन्हा तेच दुकान, पुन्हा नकार. "त्येचं पोरगं आजारी असंल का हो?" आक्कानं हळूच विचारलं. "चोर हाय त्यो," दाजी म्हणाले, पण फोन काही त्यांनी हातातून खाली ठेवला नाही. त्यानंतर मेसेज आला नाही. पैसे मात्र सगळे परत आले. आता माझ्याकडेही तसलंच कार्ड आहे. मेसेज आला की मी रक्कम नंतर बघते, आधी दुकान कसलं आहे ते वाचते.