वर्गाभोवतीची तार

कान गेले तेव्हा मी चाळिशीत होतो आणि नागपुरातल्या एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होतो. धंतोलीतल्या कानाच्या डॉक्टरांनी खिशात ठेवायचं यंत्र दिलं. मी ते शर्टाच्या आत बनियनला अडकवायचो आणि त्याची वायर कॉलरमागून कानापर्यंत न्यायचो, कुणाला दिसू नये म्हणून. बायको म्हणायची, "ऐकू येत नाही याची लाज वाटते तुम्हाले, अन् न ऐकता उत्तर द्याची नाही वाटत." मी चिडायचो, कारण ते खरं होतं.

वर्गात पंख्यांची घरघर, बनियनवर यंत्राचं घासणं, आणि त्यातून मुलांचे शब्द शोधायचे, म्हणजे खड्यांतून तांदूळ वेचण्यासारखं काम. तरी माझा वर्ग जिवंत आहे याचा मला भारी गर्व होता. दर तासाला कोणी ना कोणी उठायचं, फळ्यावरच्या आकृतीतल्या एखाद्या भागाकडे बोट दाखवून काहीतरी विचारायचं. बोट पाहून मी प्रश्न ओळखायचो आणि दणकून उत्तर द्यायचो. स्टाफरूममध्ये इतरांना डिवचायचो, "तुमच्या तासाला पोरं झोपतात, माझ्या तासाला शंका विचारतात."

पण आतून या अंदाजपंचे कारभाराची भीती वाटायची. एखाद्या दिवशी उघडा पडलो की मास्तरकी संपली, असं सारखं मनात यायचं.

त्या यंत्रावर टेलिफोनसाठी एक बटण होतं. ते सरकवलं की यंत्राचा माइक बंद व्हायचा आणि आतली बारीक कॉइल जवळच्या तारेतल्या करंटमधून आवाज उचलायची. त्यावरून मला सुचलं. वर्गाच्या चारी भिंतींलगत तार फिरवायची, छतावरून एक माइक सोडायचा आणि मुलांचा आवाज करंट करून तारेत पाठवायचा. मग वर्गात कुठेही उभा असलो तरी मला ऐकू येईल. मुलांना खरं कारण सांगायची हिंमत झाली नाही. हे प्रात्यक्षिक आहे, म्हणालो: जास्त करंट देणाऱ्या आउटपुटसाठी ऑप-अँप निवडणे.

ऑप-अँप म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारी चिप. आमच्या तारेला जवळपास एक अँपिअर हवा होता आणि प्रयोगशाळेत डबाभर पडलेली ७४१ नंबरची चिप पंचवीसेक मिलिअँपिअरलाच हात टेकायची. तिच्यामागे दोन पॉवर ट्रान्झिस्टर जोडले. मोठे आवाज झकास आले, पण हळू आवाज फाटत होते. सिग्नल एक ट्रान्झिस्टर सोडून दुसरा धरेपर्यंत मध्ये पोकळी राहत होती आणि ती झटकन ओलांडण्याइतकी ७४१ चपळ नव्हती. डायोड लावून पोकळी बुजवली तर ट्रान्झिस्टर तापायला लागले.

जोडणी करणाऱ्यांपैकी एक उंच मुलगा म्हणाला, "सर, चालते न एवढं. प्रश्न त मोठ्यानंच विचारतो आम्ही."

मला त्याचा रागच आला. "कुजबुजसुद्धा स्वच्छ आली पाहिजे," मी म्हणालो.

सीताबर्डीच्या दुकानदाराला सांगून मुंबईहून धातूच्या डबीतली पॉवर ऑप-अँप मागवली. ती एकटी अँपिअरभर करंट द्यायची. ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर बसवली तरी चटका बसेल इतकी तापायची, पण आवाज फाटत नव्हता.

डिसेंबर होता, परीक्षा तोंडावर आली होती. नवी चिप बसवल्यानंतरच्या पहिल्याच तासाला फळ्यावर आकृती काढता काढता मी शर्टात हात घालून बटण सरकवलं. घासणं नाही, घरघर नाही. माझ्या पाठीमागे पोरं बोलत होती.

"आज पाळी कोणाची हाय बे?"

"मायी नाही. मी परवाच विचारलं."

"मंग तू ऊठ. कोणी नाही विचारलं त सरले वाईट वाटते."

"पण विचारू काय?"

"काही बी विचार. बोट फक्त नीट दाखव."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टाफरूममधल्या फुशारक्या एकेक करून आठवल्या. जुलैपासून ही पोरं मला सांभाळत होती, आणि मी त्यांना हुशार म्हणून जी पाठ थोपटत होतो ती माझीच.

मी वळलो. एक मुलगा उभा होता. बोट आकृतीतल्या रेझिस्टरकडे. मला कळावं म्हणून तोंड मोठं उघडून तो म्हणाला, "सर, हा इथं काहून लावला?"

मी यंत्र बाहेर काढलं आणि सगळ्यांसमोर शर्टाच्या खिशाला अडकवलं. "मला आता ऐकू येतंय," मी म्हणालो. "मघाचंही आलं. खरी शंका असेल ती विचारा."

उभ्या मुलानं बोट खाली घेतलं. कोणी माझ्याकडे बघेना. शेवटी तो उंच मुलगा उठला आणि त्याच्या नेहमीच्या, हळू आवाजात बोलला. त्यानं फळ्याकडे बोट दाखवलं नाही. त्याचा प्रश्न फळ्यावर नव्हताच, जुलैत शिकवलेल्या पहिल्या धड्यातला होता.

मी उत्तर द्यायला लागलो, तेव्हा सगळ्या बाकांवर वह्यांची पहिली पानं उघडली गेली.