डिकीच्या अस्तराखाली

आमच्या दाजींना माणसं ओळखता येत नाहीत, हे मी आधीच सांगून टाकतो. पत्रा ओळखता येतो. ताईचं लग्न झाल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, मी त्यांच्याच शेडमध्ये गाड्यांच्या सीट शिवतो, तेव्हा हे ऐकीव नाही. ते डेंटर. आदळलेल्या, चेपलेल्या गाड्या सरळ करायचा धंदा. त्यातही जुन्या अमेरिकन गाड्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

बाकीचे डेंटर खड्ड्यात पुट्टी भरतात, घासतात, वर रंग मारून मोकळे होतात. दाजींना पुट्टीचं नाव काढलेलं खपत नाही. आतून लोखंडी ठोकळा धरायचा, बाहेरून हातोडीचे हलके ठोके द्यायचे आणि पत्रा आपल्या जागेवर परत येईपर्यंत उठायचं नाही. मग डोळे मिटून उजवा तळवा त्यावरून फिरवायचा. केसाएवढा उंचवटा असला तरी तळवा तिथे अडतो, आणि दाजी पत्र्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत पुन्हा ठोकायला बसतात.

रविवारी सकाळी शेडसमोर गाडीवेड्यांचा अड्डा जमतो. एक कंत्राटदार आहे, तो आपली नवी कोरी एसयूव्ही मिरवायला येतो.

"उन्हाळ्यात सीट थंड होते, वर पाठ चेपून देते," तो सांगायचा. "पार्किंग तीच करते. मी नुसतं बसायचं."

"मग तुझं काय काम?" दाजी म्हणायचे. "रविवारी तिला एकटीलाच पाठवत जा."

"हसा, हसा. तुमच्या त्या अमेरिकन म्हाताऱ्या लिटरला चार किलोमीटर जातात. गाड्या नाहीत त्या, होड्या आहेत."

"चारच जातात, पण लोक मान वळवून बघतात," डॉक्टर म्हणायचे. "तुझी समोरून गेली तर गाडी गेली की फ्रिज गेला, कळत नाही."

"आणि तो मोठा पडदा बंद पडला की गाडी आंधळी," मास्तर हळूच म्हणायचे. "जुन्या गाडीत फक्त घड्याळ बंद पडतं. ते तर पहिल्याच वर्षी पडलेलं असतं."

मास्तर म्हणजे निवृत्त भूगोलाचे शिक्षक. स्वतःची गाडी नाही, पण कोणत्या सालच्या शेवरोलेला किती दिवे होते ते तोंडपाठ. आणि डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर, दाजींचे जिवलग. "मिस्त्री, आपला धंदा एकच," ते म्हणायचे. "मी खड्डा भरतो, तू उचलतोस, एवढाच फरक." त्यांच्याकडे आकाशी रंगाची, दोन दारांची, मागे उंच पंख असलेली अमेरिकन गाडी होती. गंजून चाळणी झालेली ती गाडी त्यांनी कुठल्याशा गोदामातून ओढून आणली आणि दाजींनी सहा वर्षांच्या दुपारी तिच्यावर घालवल्या. "माझ्या आजारपणात एवढे जवळ बसला नाहीत," असं ताई त्यांना ऐकवायची. तेही खरंच होतं.

अड्ड्याची एक रीत होती. जुनी गाडी घेणारा माणूस लोहचुंबक लावून बघतो. पत्र्याला तो चिकटतो, पुट्टीला चिकटत नाही. पण दाजींनी "साफ आहे" म्हटलेल्या गाडीला आमच्याकडे कुणी चुंबक लावत नसे. लावला असता तर त्यांच्या तोंडावर थुंकल्यासारखं झालं असतं. दाजीही सौद्याच्या दिवशी तळवा फिरवल्याशिवाय कुठल्या गाडीबद्दल अवाक्षर काढत नसत. त्यांची सगळी इज्जत त्या दोन शब्दांत होती.

मग डॉक्टरांच्या बायकोचे गुडघे दुखायला लागले आणि डॉक्टरांना उंच गाडीची गरज भासू लागली. गुडघे बायकोचे, पण कंत्राटदाराच्या थंड सीटवर बसून सुखावले होते डॉक्टर. नवी एसयूव्ही ठरली. घरी जागा एकाच गाडीची, तेव्हा आकाशी गाडी विकायची, असं त्यांनी एका रविवारी जाहीर केलं. दाजी उठून आत पत्रा ठोकायला गेले. मास्तर मात्र लहान मुलासारखे पुढे झाले. "मी घेतो," ते म्हणाले. "मिस्त्रींनी एकदा हात फिरवून सांगितलं की घेतो."

आता जे सांगतो ते सांगताना माझी मान खाली जाते. त्याच आठवड्यात, दाजी भंगारबाजारात गेलेले असताना, डॉक्टर ती गाडी घेऊन माझ्याकडे आले. डिकीचं अस्तर बदलायचं होतं. मी जुनं अस्तर ओढून काढलं आणि थांबलोच. दाजींनी केलेला पत्रा आतूनही सरळ असतो. इथे डाव्या पंखाखालचा पत्रा चुरगळलेल्या कागदासारखा होता. तो ओढायला पाडलेल्या भोकांतून करड्या पुट्टीचे अळ्यांसारखे तुकडे आत आले होते.

"हे काय, डॉक्टर?"

"फाटकाच्या खांबावर आदळली रे मागे घेताना. मिस्त्रीला सांगितलं असतं तर त्याने वर्ष घालवलं असतं. बाहेर दुसऱ्याकडून करून घेतली. तू बोलू नकोस, त्याला लागेल. मी सांगतो त्याला."

माझ्या मुलीच्या दातांच्या तारा तेव्हा डॉक्टरच बसवत होते. मी मूग गिळून गप्प बसलो. नवं अस्तर कापलं, चिकटवलं, कडा दाबून सारख्या केल्या. काम सुरेख झालं होतं, हेही सांगायला हवं.

चार दिवसांनी पत्र्याची कड सटकून दाजींचा उजवा तळवा फाटला. डॉक्टरच त्यांना गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेले, नऊ टाके पडेपर्यंत खांदा धरून उभे राहिले. त्या रविवारी दाजी हाताला पट्टी बांधून अड्ड्यावर बसले होते. आणि नेमकं त्याच दिवशी डॉक्टर म्हणाले, "मास्तर, आज ठरवून टाकू."

"मिस्त्रींचा हात बरा होऊ दे की," मास्तर म्हणाले. "महिनाभर थांबतो मी."

"थांबा की. पण दुसरा एकजण मागे लागलाय." मग ते दाजींकडे वळले. "का रे मिस्त्री? सहा वर्षं तुझ्या हाताखाली होती. तुला ही तपासावी लागते होय?"

दाजींना ते लागलं. गाडीवर शंका घेतली तर ते चिडतात, मग ती कुणीही घेवो. "हिचा इंच न् इंच मी ठोकलाय," ते म्हणाले. "साफ आहे. मास्तर, डोळे झाकून घ्या."

मी तीन पावलांवर सीट शिवत होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सुईत दोरा ओवला.

चार महिने मास्तर राजासारखे फिरले. मग उन्हाने डाव्या पंखाखाली तडा गेला, आणि गाडी धुताना पुट्टीची एक ढलपी त्यांच्या हातातच आली. ती रुमालात बांधून ते शेडमध्ये आले, रुमाल दाजींच्या टेबलावर सोडला.

"मी चुंबक लावला नाही, मिस्त्री. तुम्ही बोललात म्हणून लावला नाही. तुम्हाला माहीत नव्हतं एवढं म्हणा, माझा विश्वास आहे."

दाजींनी ढलपी उचलली, उलटी करून बघितली. "माहीत नव्हतं," ते म्हणाले. "पण साफ आहे असं मी बोललो ना? मग खोटं माझंच." त्यांनी तिथल्या तिथे मास्तरांकडून गाडीची किल्ली मागून घेतली आणि डॉक्टरांकडे निघाले. मीही बरोबर गेलो. का गेलो, देव जाणे. मी नसताना तिथे काय निघेल याची भीती होती, एवढं मात्र खरं.

डॉक्टर पेशंटला खुर्चीत तसाच आ वासलेला ठेवून बाहेर आले. "अरे, मास्तर काय शर्यत लावणार आहेत तिची?" ते हसत म्हणाले. दाजी हसले नाहीत.

"तुझ्या गाडीचं जाऊ दे, डॉक्टर. माझा हात बांधलेला होता आणि तू मला बोलायला लावलंस. केसाने गळा कापलास."

डॉक्टरांचं हसू गेलं. "मी एकट्याने कापला का? तुझ्या मेहुण्याला विचार की. त्यानेच स्वतःच्या हातांनी वर अस्तर चिकटवलंय."

दाजी माझ्याकडे वळले. त्यांनी कानफटात मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

"खरं?"

"हो, दाजी."

ते जिना उतरून गेले. परत येताना गाडी मी चालवत होतो आणि ते सबंध रस्ताभर खिडकीबाहेर बघत होते.

डॉक्टर आता अड्ड्यावर येत नाहीत. त्यांची एसयूव्ही काचा वर करून समोरून जाते आणि कंत्राटदार त्यांना मनसोक्त शिव्या घालतो. मीही घालायचो आधी. एकदा घालताना दाजींनी माझ्याकडे पाहिलं, तेव्हापासून नाही घालत. मास्तरांची गाडी दाजींनी पुन्हा उघडली, पुट्टी खरवडून काढली आणि सव्वा वर्ष दुपारी बसून पत्रा जागेवर आणला. तळव्याच्या वणामुळे आता त्यांना पूर्वीसारखं कळत नाही. प्रत्येक जागेवरून तीन-तीनदा हात फिरवतात.

ताईला त्यांनी काहीच सांगितलेलं नाही. ती अजून मला हक्काने जेवायला बसवते, आणि समोर बसून दाजी तिला सांगतात, "त्याला अजून वाढ."

गाडी पुरी झाल्यावर डिकीला अस्तर लागणार होतं. मी विचारलं, "करू ना, दाजी?"

"कर की. तुझंच काम आहे," ते म्हणाले. "चिकटवायच्या आधी फक्त मला हाक मार."

बावीस वर्षांत त्यांनी माझं काम कधी उचलून पाहिलं नव्हतं. गिऱ्हाईक बघायला लागलं तर म्हणायचे, "बघू नका, माझ्या मेहुण्याने शिवलंय." आता सीट तयार झाली की ते हात पुसून येतात, कव्हराचा कोपरा उचलतात, खाली वाकून आत बघतात, कोपरा नीट होता तसा ठेवतात. "छान झालंय," म्हणतात. त्यांचा आवाज अगदी पहिल्यासारखाच असतो, आणि दर वेळी मी मान हलवून "हो, दाजी" म्हणतो.