मी खोडलेलं ‘राहिलो’

मुलांनो,

तुम्ही पाठवलेलं गाणं मी ऐकलं. न ऐकताही चाललं असतं, मला ते पाठ आहे. खालचे प्रश्नही वाचले. धाकटीने विचारलं आहे की या गाण्यात ‘मी दूर जात आहे’ असं आहे, पण बाबा भांडी घासताना तेच गाणं ‘मी जाऊन राहिलो’ असं गुणगुणतात, तर आजी, बरोबर कोणतं? मोठ्याने विचारलं आहे की गाणं काकाचं असेल तर ते दुसराच कोणी का गातो.

तुमच्या बाबाने तुम्हाला काही सांगितलेलं दिसत नाही. मग मलाच सांगावं लागेल. क्रमाने सांगते, मला तीच सवय आहे.

आधी ‘राहिलो’. आमच्या मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडे कोणी ‘मी जेवत आहे’ म्हणत नाही. ‘जेवून राहिलो’ म्हणतात. पाऊस येऊन राहिला, मास्तर शिकवून राहिले, दूध उतू जाऊन राहिलं. पुण्याच्या माणसाला वाटतं की हा जेवला आणि मग तिथेच मुक्कामाला राहिला. आमचं असंच आहे. भोपाळच्या कचेरीत आम्ही मराठी आणि पुण्यात आम्ही हिंदी.

मी बी.एड.साठी पुण्याला गेले होते. पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, उत्तर झालं का? मी म्हटलं, “लिहून राहिले.” अख्खा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या दिवशी मी तो शब्द जिभेवरून काढून टाकला. पुढे सौंसरला येऊन तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण घरात मराठीचीही शिस्त ठेवली. जेवायच्या ताटावर कोणी ‘राहिलो’ म्हटलं की मी वाढणं थांबवत असे. तुमच्या बाबाने ऐकलं. काकाने ऐकलं नाही. तो म्हणायचा, “मंग भात राहू दे, पोळी खाऊन राहिलो.”

काका नागपूरला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि गिटार घेऊन परत आला. पदवीही आणली, पण तिच्याकडे त्याने फारसं पाहिलं नाही. मग तिघांचा बँड झाला. काका गिटार वाजवून गायचा. ड्रमवर तिगावचा एक मुलगा होता, त्याचे वडील रेल्वेत होते. बेस गिटारवर माझाच एक जुना विद्यार्थी होता, पांढुर्ण्याच्या संत्रा व्यापाऱ्याचा मुलगा. संत्र्याचा हंगाम संपला की त्याच्या वडिलांचा पॅकिंगचा शेड रिकामा पडायचा, तिथे तालीम चालायची. काका सौंसरहून बसने जायचा, स्पीकर मांडीवर घेऊन. परत यायचा तेव्हा कपड्यांना गवताचा आणि सडक्या संत्र्यांचा वास असायचा.

गावाला बँड म्हणजे वरातीचा बँड. शेजारची बाई मला म्हणाली, “मॅडम, पोरानं बँड काढला म्हणते. आमच्या पोरीच्या लग्नाले किती घेईन?” मी म्हटलं, हा वरातीत वाजवायचा बँड नाही. ती म्हणाली, “वरातीत नाही वाजत त मंग कायचा बँड?” काकाला सांगितलं तर तो खूप हसला. म्हणाला, बाई बरोबरच विचारते आहे, याचं उत्तर आम्हालाही अजून सापडलेलं नाही.

मला ते संगीत आवडायचं नाही. खोटं कशाला लिहू. पण त्यांची काम करण्याची रीत मला आवडायची, कारण तिच्यात शिस्त होती. त्यांचा एक नियम होता, ज्याची ओळ त्याची. दुसऱ्याला नको असेल तर त्याने नको म्हणायचं, दहा वेळा म्हणायचं, भांडायचं. पण बदलायची ती ज्याने लिहिली त्यानेच. ड्रमवाल्याच्या तालाला बेसवाल्याने हात लावायचा नाही आणि काकाच्या शब्दांना कोणीच नाही. एका गाण्याची एक जागा तीन महिने अडून बसली होती, कारण दोघांना ती पटत होती आणि तिसऱ्याला नव्हती. मी म्हटलं, बहुमत घ्या. काका म्हणाला, आई, ही ग्रामपंचायत नाही. बँडमध्ये दोस्ती नसली तरी चालतं, कान पाहिजेत. बाजूचा काय वाजवतो आहे हे ऐकू येईनासं झालं की समजायचं, संपलं.

ते गाणं त्याने तिगावच्या स्टेशनवर लिहिलं. ड्रमवाल्याकडून परत येत होता, पांढुर्ण्याला, म्हणजे पुढच्याच स्टेशनावर. मागून मेल येणार म्हणून पॅसेंजर बाजूला उभी करून ठेवली होती. मेल निघून गेली तरी हिला सिग्नल मिळेना. डब्यात बसून त्याने वहीत लिहिलं:

गाडी उभी, सिग्नल लाल,
मी जाऊन राहिलो.
माय म्हणे येऊन जा,
मी जाऊन राहिलो.

वही टेबलावर होती. मी चष्मा लावला, लाल पेन घेतलं आणि दोन्ही ठिकाणी ‘राहिलो’ला गोल केला. तीस वर्षांची सवय. काकाने पाहिलं आणि विचारलं, “आई, तू गाणं तपासून राहिली का? किती मार्क देशील?” तेव्हा आम्ही दोघेही हसलो. माझ्या आठवणीत त्या गाण्यावरून आम्ही मिळून हसलो ते तेवढंच.

गाणं पांढुर्ण्यात चाललं. पोरं मोटरसायकलवर म्हणायला लागली. मग कोणीतरी ते फोनवर टाकलं आणि पुण्याच्या एका रेकॉर्डिंग कंपनीचा माणूस नागपूरला आला. त्याला चाल आवडली, काकाचा आवाज आवडला. शब्द आवडले नाहीत. ‘राहिलो, राहिलो’ काय, तो म्हणाला, लोकांना वाटेल हा गेला आणि तिथेच राहिला. शुद्ध मराठीत करून द्या, म्हणजे सगळीकडे चालेल.

काकाने ते मला जेवताना सांगितलं. तो चिडलेला नव्हता, मला ते जास्त लक्षात आहे. म्हणाला, “मी विचार करतो तेव्हा ‘राहिलो’ म्हणतो. मंग गाताना कोणासाठी कपडे बदलू?” त्याने नाही म्हणून कळवलं होतं. मी मनात म्हटलं, एका शब्दासाठी हा मुलगा आयुष्यभर शेडमध्ये बसणार.

दोन दिवसांनी बेसवाल्याचा फोन आला. ते तिघे नागपूरच्या स्टुडिओत होते. काका कंपनीच्या माणसाशी शेवटचं बोलून परत येणार होता. बेसवाला बाहेर येऊन हळू आवाजात बोलत होता. “मॅडम, तो ऐकतच नाही. दोन शब्दांसाठी सगळं अडून राहिलं. तुमच्याशिवाय हे कोण करून देईन?”

‘अडून राहिलं’ हे तो बोलला ते मला त्याच क्षणी ऐकू आलं. त्याची चूक मनात दुरुस्त केली आणि पुढचं ऐकलं. ज्या शब्दाविरुद्ध तो बोलत होता, तोच शब्द घेऊन तो माझ्याकडे आला होता, आणि आम्हा दोघांनाही ते खटकलं नाही.

मी कागद घेतला. मात्रा मोजल्या. ‘जाऊन राहिलो’च्या दहा. ‘जात आहे’च्या सातच भरतात, म्हणून आधी ‘दूर’ घातलं. दहाला दहा. ‘माय’ची ‘आई’ केली. ‘येऊन जा’च्या जागी ‘परतुनी ये’ केलं. दहा मिनिटांत झालं. सुवाच्य अक्षरात लिहून कागदाचा फोटो पाठवला आणि चहा ठेवला. मला बरं वाटत होतं. मी मुलाचं अडलेलं काम केलं होतं.

पुढचं ड्रमवाल्याकडून कळलं. बेसवाल्याने फोन काकासमोर धरला. काकाने अक्षर ओळखलं. दोनदा वाचलं. मग गिटारची वायर काढून गुंडाळली आणि म्हणाला, ज्याची ओळ त्याची. ही माझी नाही, माझ्या आईची आहे. तुम्ही गा. एवढं बोलून तो निघाला.

दुपारी चारच्या सुमारास घरी आला. पाणी प्यायला. माझ्यासमोर बसला.

“त्या माणसाले ‘राहिलो’ म्हणजे काय ते माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “तुले माहीत होतं.”

मी मात्रांचं सांगायला लागले. तो म्हणाला, मात्रा बरोबर आहेत. मग विचारलं, “‘दूर’ कुठून आणलं? तिगावहून पांढुर्णा दूर आहे?”

त्या गाण्यातला मुलगा कुठेच दूर जात नव्हता. तो उभ्या गाडीत बसून जात होता. तो पुण्याचा माणूस म्हणाला होता की लोकांना वाटेल हा गेला आणि तिथेच राहिला. न कळता त्यानेच गाणं बरोबर वाचलं होतं. गाण्याचा अर्थ तोच होता. मी, जिला दोन्ही मराठी येतात, तिने ते दहा मिनिटांत शुद्ध करून टाकलं.

गाणं बेसवाल्याने गायलं. तुम्ही ऐकलंत ते हेच. चाललं, खूप चाललं. पांढुर्ण्यात मोठा कार्यक्रम झाला, मला दुसऱ्या रांगेत बसवलं. जी माणसं बाजारात ‘काय करून राहिले’ म्हणून विचारतात, तीच माणसं हात वर करून ‘दूर जात आहे’ म्हणत नाचत होती. मध्येच बेसवाल्याने माइकवरून सांगितलं की हे शब्द आमच्या मॅडमनी शुद्ध करून दिले. टाळ्या झाल्या. मला व्यासपीठावर बोलावून शाल आणि नारळ दिला. मी घेतला. नाही म्हणता आलं असतं. ती शाल अजून कपाटात घडीत आहे, कोणाला पांघरायला देत नाही.

काकाची जागा रिकामी ठेवली नव्हती. नागपूरचा कोणी गिटारवाला आणला होता, चांगला वाजवत होता.

ड्रमवाला पुढे एकदा सौंसरच्या बाजारात भेटला. मी विचारलं, तू का थांबवलं नाहीस? त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. म्हणाला, “काकू, म्या त ताल धरतो. शब्दातलं मले काय समजते.” त्याला सगळं समजत होतं. तिघांत सगळ्यात चांगला कान त्याचाच होता, असं काकाच सांगायचा. त्याच्यावर मी अजून रागावलेली आहे. तो माझ्याच वाटणीचा राग असावा, पण ठेवायला दुसरी जागा सापडली नाही.

काका आता बोरगावच्या एका कारखान्यात माल तपासतो. तुम्ही फोनवर विचारता तेव्हा तो हसून बोलतो, ते खरंच असतं, तो दुःखी माणूस नाही. गिटार त्याने कोणाला दिली ते मी विचारलं नाही. मित्रांशी, शेजाऱ्यांशी, भाजीवाल्याशी तो पूर्वीसारखाच बोलतो, येऊन राहिलो, खाऊन राहिलो. फक्त माझ्याशी शुद्ध बोलतो. आई, मी जेवत आहे. आई, पाणी येत आहे. एकही चूक नसते. पहिले काही दिवस मला वाटलं, सुधारला.

धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं की बाबा म्हणतो ते बरोबर आहे. ताटावर ज्याने माझं ऐकलं, तो तिकडे सातासमुद्रापलीकडे भांडी घासताना ‘राहिलो’ म्हणतो, हे तू लिहिलंस तेव्हा मला कळलं. तुझं पत्र वाचून मी काकाकडे गेले. म्हटलं, मुलांसाठी एकदा जुनं गाणं म्हण, मी फोनवर भरून घेते. माझं चुकलं होतं, असंही म्हटलं. तो म्हणाला, “चुकलं नव्हतं, आई. व्याकरण बरोबर होतं.” आणि डबा भरायला गेला.

आपल्याकडे घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत. अशुभ मानतात. ‘येतो’ म्हणतात. तुमचे आजोबा म्हणायचे, तुमचा बाबा विमानतळावरही तेच म्हणाला होता. काका रोज सकाळी साडेसातला दारात उभा राहून म्हणतो, “आई, मी जात आहे.” मी आतून म्हणते, “ये.”

आज मी दारापर्यंत गेले. पुण्याच्या त्या वर्गानंतर जो शब्द तोंडात आणला नव्हता तो आणला. म्हटलं, “जाऊन राहिला का?”

तो चप्पल घालत होता. थांबला. माझ्याकडे पाहिलं.

“हो,” म्हणाला. “जात आहे.”

— आजी