सातवा रकाना

रामटेके सर वर्गात स्वतःचं रक्त पडद्यावर दाखवत. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात ते जैवतंत्रज्ञान शिकवायचे. प्रथिनांच्या साखळ्या अक्षरांत मांडून एकाखाली एक लावणारं सॉफ्टवेअर उघडायचे. वर निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन, खाली त्यांचं. रंगांचं बटण दाबलं की दोन्ही ओळी सारख्याच रंगत, फक्त एका रकान्यात वर तांबडं आणि खाली हिरवं. "हे माहं सिकलसेल, आईबापाकून आलेला रक्ताचा आजार. एवढासा चौकोन, पन मले जिना चढू देत नाई," म्हणून स्वतःच हसत. आपण हसावं की नाही, आम्हाला कळत नसे.

थंडी पडली की त्यांचे सांधे धरत. मग खुर्चीत बसून, ओठ दाबून शिकवत. रजा घ्या म्हटलं की म्हणत, "घरी बसलो तरी दुखतेच. इथी निदान तुम्ही पोट्टे डोकं खाता."

त्यांच्या सिकलसेलवरच्या प्रकल्पासाठी आम्ही काही जणांनी रक्त दिलं होतं. माझ्या दोन ओळी आल्या, एक आईकडची, एक बाबांकडची. तेव्हा नीलेशशी माझं लग्न ठरत होतं. तो सिकलसेलचा वाहक होता, म्हणजे दोनपैकी एक ओळ बिघडलेली, पण स्वतः ठणठणीत. मीही वाहक निघाले तर आमच्या मुलाला सरांचा आजार होऊ शकत होता. पुस्तकात बदलाची जागा सहावी. मी बोट ठेवून फक्त सहावा रकाना पाहिला. रंग एकच. मला हायसं वाटलं.

सरांनी पडद्यावरचा बाण एक घर पुढे सरकवला. "पोरी, पहिलं अक्षर शरीर काढून टाकते, सॉफ्टवेअर तेही मोजते. सातवा पाह्य."

सातव्यात एका ओळीत तांबडं होतं, दुसरीत हिरवं.

"सर, लग्न नको करू का?"

ते गुडघा चोळत म्हणाले, "करू नोको म्हनलं, त मी जन्मालेच नोको होतो म्हनल्यासारखं होते. कर म्हनलं, त माहं दुखनं तुह्या लेकराले देल्यासारखं. मले नोको विचारू."

पुढच्याच हिवाळ्यात सर गेले. मी नीलेशला नाही म्हटलं.

आता त्याच वर्गात मी शिकवते आणि सरांची ओळ उघडते. सातवा रकाना आला की मी त्या हिरव्या चौकोनावर बोट ठेवते. तो माझा नकार सरांच्या जन्मालाही होता का, हे विचारायला आता ते नाहीत.