पंचफुलाच्या गालातलं खापर

कंधारच्या किल्ल्याच्या खंदकाकडं उतरणाऱ्या गल्लीत पंचफुलाचं घर होतं. खिडकीपाशी तिची शिलाई मशीन. ब्लाऊज, परकर, शाळेचे ड्रेस असं काही ना काही शिवायला असायचंच. दुपारी खंदकातल्या पाण्यावरचा उजेड हलत हलत तिच्या पत्र्याखाली यायचा, आणि पायडल मारता मारता तिला वाटायचं, आपण घरात नाही, पाण्याखाली बसलोय.

गेली काही वर्षं तिचं अंग असंच तरंगत असायचं. उठून उभी राहिली की भिंती हळूच मागं सरकायच्या. कानात लांबच्या पिठाच्या गिरणीसारखं काहीतरी घुमत राहायचं. उशीवर डोकं टेकलं की ते घुमणं छातीतल्या ठोक्यांबरोबर चालू लागायचं. तिला त्याची भीती वाटत नव्हती. त्याच आवाजात तिला झोप लागायची, झोपेत लाल मातीचे डोंगर दिसायचे आणि ती ते हातानं तोडून तोडून खायची.

जागेपणी खायला खापर होतं. फुटलेल्या माठाचा तुकडा गालात धरायचा आणि शिवत बसायचं. खापर ओलं झालं की असा काही वास तोंडात पसरायचा की तिचे डोळे आपोआप मिटायचे. घरातलं खापर संपलं तेव्हा तिनं एक चांगला धड माठ फोडला आणि नवऱ्याला सांगितलं, मांजरानं पाडला.

नवरा धम्मानंद एसटीच्या डेपोत मेकॅनिक. बोलणं कमी, पण नजर बारीक.

“तुझा रंग उडून राहिला,” तो एकदा म्हणाला, “धुऊन धुऊन कपडा विटतो तसा.”

“वय झालं वो,” म्हणून तिनं ते उडवून लावलं.

तरी त्यानं तिला गावातल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पापणी खाली ओढून पाहिली, रक्त तपासलं, लोहाच्या गोळ्या दिल्या. पंचफुला त्या चहाबरोबर घ्यायची. पोट ढवळायला लागलं, संडासला काळं झालं, ती घाबरली आणि गोळ्या फडताळात मागं सारल्या. पुढच्या खेपेला पुन्हा त्याच गोळ्या मिळाल्या. रक्त जातंय कुठं, हे कुणी विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही.

मग एका सकाळी गल्लीतल्या साखराबाईच्या ब्लाऊजचं माप घेता घेता टेपवरचे आकडे पोहायला लागले. कुणीतरी अलगद पाण्यात सोडावं तशी पंचफुला खाली गेली. साखराबाईच्या आरोळीनं अख्खी गल्ली जमा झाली. धम्मानंदनं डेपोतून येऊन तिला जीपमध्ये घातलं आणि थेट नांदेड गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंचं नाव वर्षाराणी. रक्ताचा रिपोर्ट त्यांनी दोनदा वाचला. हिमोग्लोबिन साडेपाच. बाईच्या अंगात बारा तरी असावं लागतं. त्या धम्मानंदला म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही जरा बाहेर बसता?” दार लागलं, तशी त्यांनी खुर्ची जवळ ओढली.

“ताई, माती, खडू, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं?”

पंचफुलानं पदर तोंडाला लावला. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणीच नाही. अंगातलं लोह संपलं की अशी ओढ लागते. लाजायचं काही नाही त्यात. पण मातीनं लोह भरत नाही, पोटात गेलेलंसुद्धा ती अडवते. बरं, पाळी कशी येते?”

“येते की. सगळ्यायची येते तशी.”

“सगळ्यांची कशी येते ते आपल्याला काय माहीत? तुमची सांगा.”

 पंचफुला पंख्याकडं बघत बोलायला लागली आणि थांबेचना. शिवणातून उरलेल्या चिंध्यांची गाठोडी लागायची. रक्ताच्या गाठी पडायच्या. बसमध्ये बसायची सोय नव्हती, लग्नाला जायची न्हाई. “बाई, जयंतीला सगळ्या बाया पांढऱ्या साड्या नेसून विहारात जातेत. मी दुखण्याचं निमित्त करून घरी बसते. किती वर्सं झाली, न्हाई नेसले.”

सोनोग्राफीत गर्भपिशवीत गाठ दिसली. साधी होती, पण रक्ताची सगळी गळती तिथूनच.

“पिशवी काढणार का?” पंचफुलानं विचारलं. गल्लीतल्या कितीतरी बायांच्या काढलेल्या होत्या.

“गरज नाही. दुर्बिणीनं नुसती गाठ काढता येईल. आधी रक्त भरू. गळती थांबली की मग गोळ्या लागू पडतील.”

रक्ताची पिशवी टांगली. हातात गार गार काहीतरी चढू लागलं.

“हे कुणाचं हाय?” तिनं नर्सला विचारलं.

“कुणाचं कळत नसतं, मावशी. दिलं कुणीतरी.”

त्या कुणीतरीचा विचार करत तिचा डोळा लागला. स्वप्नात एक अनोळखी बाई नदीच्या वाळूतून चालत होती आणि पंचफुला तिच्या पावलांवर पावलं टाकत होती. उठली तेव्हा ऊन उतरलं होतं आणि काहीतरी हरवलं होतं. कानातलं घुमणं थांबलं होतं. इतक्या वर्षांच्या सोबतीचं कुणी न सांगता उठून गेल्यासारखं वाटलं तिला, आणि जरासं रडूही आलं.

पुढं गाठ निघाली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, या खेपेला लिंबाच्या पाण्याबरोबर. चहा लांब ठेवायचा. काळं होणं गोळीमुळंच असतं, घाबरायचं नाही. अंगातलं रक्त वाढलं तरी गोळ्या आणखी काही महिने सोडायच्या नाहीत, असं वर्षाराणींनी बजावलं. धम्मानंद मेथी, राजगिरा, गूळ-शेंगदाणे घेऊन यायचा आणि ती जेवेपर्यंत समोर बसून राहायचा. एक दिवस तिनं सवयीनं खापर तोंडात घातलं. नुसती माती लागली. तिनं ते थुंकून टाकलं आणि चूळ भरली.

पळस फुलले तेव्हा ती किनवटच्या रेल्वेत बसली. धाकटी बहीण बुद्धप्रिया तिथं वसतिगृहात अधीक्षक होती, आणि तिचं घर पंचफुलानं कधी पाहिलंच नव्हतं. खिडकीबाहेर जंगल जवळ येत गेलं, लाल झाडं मागं पळत गेली. तिला एकाही स्टेशनावर झोप आली नाही.

संध्याकाळी दोघी टेकडीवर गेल्या. अर्ध्या चढावर बुद्धप्रिया कमरेवर हात ठेवून थांबली.

“आक्का, हळू की गं. दम लागला मला.”

पंचफुला वरच्या दगडावर बसली. खाली जंगलात कुठंतरी मोर ओरडत होता. “ये निवांत,” ती म्हणाली. “मला काही घाई न्हाई.”